तीन उपवास आणि एक भट्टी

फेब्रुवारी संपत आला की आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत दहावीच्या पर्यवेक्षणाची यादी लागते. मी माझं नाव शोधते, खोली क्रमांक वहीत उतरवून घेते आणि घरी येते. त्याच आठवड्यात कधीतरी शेजारच्या भिंतीवरून मिरियमबाईंची हाक येते, "सुलभा, बाजारात गेलीस तर खसखस आण गं. जुनी नको, वास घेऊन आण." ही दोन कामं पाठोपाठ आली म्हणजे माझ्यापुरता मार्च लागला. कॅलेंडरचं पान मी नंतर उलटते.

केडगावात हे दिवस कोरडे आणि लखलखीत असतात. पुणे रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर विरळ होत जातात. कडुनिंब रोज सकाळी अंगणभर पिवळी पानं टाकतो आणि झाडून पाठ वळवली की पुन्हा टाकतो. दुपारी वारा सुटला की कुठल्यातरी मळणीचा भुसा थेट आपल्या पाण्याच्या माठावर येऊन बसतो. दहाच्या सुमाराला पारदर्शक पॅड छातीशी धरलेल्या मुली रिक्षांमध्ये कोंबून बसतात, आणि त्यांच्या आया रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहतात. मी पंचवीस वर्षं गणित शिकवते आहे. या दिवसांत माझ्या डोक्यात प्रमेयं असायला हवीत. पण गेल्या वर्षापासून मार्च म्हटलं की मला आधी तुपात भाजलेल्या रव्याचा वास येतो.

मिरियमबाईंना आमच्या गल्लीत कुणी मिरियमबाई म्हणत नाही. त्या सगळ्यांच्या 'सिस्टर'. नगरच्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं आधी त्यांच्या हातात रडली आणि मग आईच्या. नवरा लष्करी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा इस्राएलला असतो आणि दर शुक्रवारी सकाळी फोन करून "आई, आता तरी ये" म्हणतो. त्यावर सिस्टर "तिकडे माझी खसखस कोण आणणार?" असं विचारून विषय संपवतात. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. माहेर अलिबागकडचं. त्यांचे पूर्वज कधी काळी तिथल्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. ही हकिकत त्या परवा घडल्यासारखी सांगतात. त्यांच्या दाराच्या चौकटीला एक बोटभर डबी तिरकी ठोकलेली आहे. घरात शिरताना त्या तिला हात लावतात आणि तोच हात ओठांना.

आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी धुळवडीच्या सकाळी त्या ताट घेऊन आल्या. वर पांढरा रुमाल झाकलेला. आत दोन केळी, मूठभर बेदाणे आणि आठ करंज्या. मी "होळीच्या शुभेच्छा" म्हणत ताट घेतलं आणि रिकामं कसं द्यायचं म्हणून पुरणपोळ्या घालून परत केलं. तीन वर्षं हा व्यवहार असाच चालला. चौथ्या वर्षी मी सहज विचारलं, "सिस्टर, तुमच्यातही होळी असते का?"

त्या हसल्या. "आमचा पुरीम. पण अलिबागेत माझी आजीसुद्धा त्याला होळीचा सणच म्हणायची. त्याच दिवसांत येतो ना! एका राजाच्या प्रधानानं आमच्या सगळ्या लोकांना मारायचं ठरवलं होतं. राणी आमचीच होती, पण ते राजाला ठाऊक नव्हतं. तिनं तीन दिवस उपास केला, जिवावर उदार होऊन राजासमोर गेली आणि सगळ्यांना वाचवलं. म्हणून आम्ही आदल्या दिवशी उपास करतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी खाऊ वाटतो."

"आणि या करंज्या?"

"आम्ही पुऱ्या म्हणतो. तू करंज्या म्हण. आतलं सारण तेच."

तर गेल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीतच मिरियमबाई अंगण धुताना घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर. बारा घरांची ताटं कशी करायची, याची त्यांना चिंता होती. पण मला त्या वर्षी कुणाच्याच करंज्यांची पर्वा नव्हती. माझी मुक्ता दहावीला होती.

मुक्ता आमची एकुलती एक. हे राहुरीला विद्यापीठात नोकरीला, सकाळी जातात ते संध्याकाळी येतात, त्यामुळे तिचा अभ्यास माझ्याकडे. गणिताच्या बाईंची मुलगी म्हणून शाळेत तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघत आणि मीही तसंच बघत होते. भूमितीच्या पेपरच्या दिवशी ती घरी आली तेव्हा मी दारातच तिच्या हातून प्रश्नपत्रिका घेतली. तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. एकेक प्रश्न विचारत गेले. ती उत्तरं सांगत होती, मग आवाज बारीक होत गेला आणि शेवटी म्हणाली, "शेवटचे दोन प्रश्न सोडले, आई. प्रमेय समोर होतं, पण मला काही दिसतच नव्हतं. हात चालेना."

मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हटलं, "माझ्या वर्गातल्या ऊसतोडीच्या घरच्या मुली अर्धं वर्ष फडावर असतात. त्यांनासुद्धा हे प्रमेय येतं. तुला काय कमी केलं होतं आम्ही?"

एका वाक्यात मी माझ्या लेकीचा अपमान केला आणि त्या मुलींचाही. त्या किती कष्टानं शिकतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्या क्षणी मला ते कळलं नाही. मुक्तानं पाण्याचा तांब्या न उचलताच आतली खोली गाठली.

त्यानंतर घरात आवाज राहिला नाही. ती जेवायची, उत्तर द्यायची, विज्ञानाचे दोन्ही पेपर देऊनही आली. पण घरात दुसऱ्याच कुणाची मुलगी पाहुणी म्हणून राहिल्यासारखं वाटत होतं. विज्ञानाचा दुसरा पेपर झाला त्याच दुपारी तिनं ताट सरकवत सांगितलं, "शनिवारी इतिहासाच्या पेपरला मी जाणार नाही." मी म्हटलं, "बघू." मला वाटलं, उद्या डोकं थंड होईल. दुपारच्या सत्रात शाळेत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे होते, म्हणून मी परत गेले.

साडेचारला घरी आले तर दार नुसतं ओढून घेतलेलं. मुक्ता नाही. तिचा मोबाईल टेबलावर. इतिहासाचं पुस्तक बंद. चपला नव्हत्या.

परीक्षेच्या दिवसांत वर्तमानपत्रांत काय काय येतं ते शिक्षकांना सांगायला नको. मी दोनदा सगळ्या खोल्या पाहिल्या, मग न्हाणीघर, मग गच्ची. गच्चीवरून मागच्या मळ्यातली विहीर दिसते. एरवी ती मला चित्रातल्यासारखी वाटायची. मी जिना कसा उतरले मला ठाऊक नाही. अनवाणीच मळ्याकडे धावले. काठावर हात टेकून आत वाकले. खाली हिरवं पाणी होतं, त्यात माझंच डोकं, आणि दोन पारवे फडफडत वर आले. तिथे मी तिला हाक मारली. आवाज विहिरीत फिरून परत आला. त्या एका हाकेनंतर भूमिती, टक्केवारी, शाळेतली माणसं, सगळं माझ्या अंगावरून गळून पडलं. मला फक्त ती हवी होती. कशीही.

परत फिरले ते मिरियमबाईंच्या मागच्या दारावरून. आणि तिथे तो वास आला. तुपात रवा भाजला जात होता. मी पायरीवर थांबले. आत मुक्ता होती. ओट्याशी उभी, ओढणी कमरेला खोचलेली, कोपरापर्यंत मैदा. मिरियमबाई स्टुलावर बसून डाव्या हातानं कढईत झारा फिरवत होत्या आणि सांगत होत्या, "तुपाचं मोहन कडकडीत हवं. पीठ मुठीत दाब. मूठ वळते का? मग जमलं."

माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं. रडणं की ओरडणं, मला सांगता येत नाही. मिरियमबाईंनी माझे पाय पाहिले, मातीनं भरलेले. मग चेहरा. त्यांना सगळं कळलं असावं. प्लॅस्टरचा हात वर करून त्या म्हणाल्या, "आत ये. पाय धू आणि इथे बस. ओरडायचंच असेल तर उद्या होळीला ओरड. आत्ता माझा रवा करपेल."

मी पाय धुतले आणि बसले. मुक्तानं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पिठाकडे वळली. ती म्हणाली, "मावशींना एका हातानं मळता येत नव्हतं." एवढंच. मोबाईल का ठेवून आलीस, हे मी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ काहीच केलं नाही, नुसती पाहत होते. किसलेलं सुकं खोबरं बदामी झालं. खसखस तव्यावर तडतडली. वेलची खलबत्त्यात फुटली. चारोळी, बेदाणे, पिठीसाखर. मिरियमबाई सांगत होत्या ते मुक्ता करत होती, आणि मधूनमधून चक्क प्रश्न विचारत होती. मला तिनं आठवडाभरात एकही प्रश्न विचारला नव्हता. सारण परातीत पसरून ठेवलं तेव्हा मिरियमबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुलभा, मी एवढी बाळंतपणं केली. कळा देणाऱ्या बाईला मी कधी म्हटलं नाही, की बघ, शेजारच्या खाटेवरची कशी लवकर मोकळी झाली. असं म्हटलं ना, की अंग आखडतं. मग आलेलं बाळसुद्धा अडतं."

मुक्तानं कान टवकारले होते. मी खाली बघून ताटांत ठेवायच्या बेदाण्यांचे देठ काढत राहिले.

दुसरा दिवस गुरुवारचा. होळी पौर्णिमा. माझी शाळेतली पाळी नव्हती. मला घरी बसून तिला वाचायला लावता आलं असतं, पण आदल्या दिवशीची विहीर अजून डोळ्यांपुढे होती. मी आपण होऊन म्हटलं, "चल, सिस्टरांकडे. मीही येते."

एरवी त्या करंज्या तळत. एका हातानं उकळत्या तेलाशी खेळायला मात्र त्यांची स्वतःचीच मनाई होती. "माझी आई अलिबागेत भट्टीतून भाजून आणायची," त्या म्हणाल्या, "या वर्षी तसंच करू." भट्टी म्हणजे पुणे रस्त्यालगतची हनीफभाईंची बेकरी. दिवाळीत आम्ही बायका तिथे आपापला मैदा, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजून आणतो. मिरियमबाईंनी फोन लावला. भाजायचे पत्रे मात्र स्वतःचे, घरून घासून नेलेले. खाण्याच्या बाबतीत त्यांचे नियम आहेत आणि ते त्या कुणाला समजावत बसत नाहीत, नुसते पाळतात.

मुक्तानं लाट्या केल्या, लाटल्या, सारण भरलं, दुमडलं आणि कातणानं कड फिरवली. नक्षीदार, अर्ध्या चंद्रासारखी. मीही पाच-सहा केल्या. सारण सढळ हातानं भरलं, म्हटलं, कंजुषी कशाला? मिरियमबाई म्हणाल्या, "जास्त होतंय गं." मी म्हटलं, "मावतंय की." भट्टीत माझ्या सहापैकी चार फुटल्या. तेव्हा मुक्ता हसली. आठवड्यातलं पहिलं हसू, आणि ते माझ्यावर होतं. मला इतकं बरं वाटलं की आणखी चार फुटल्या असत्या तरी चाललं असतं.

पण ते पुढे. आम्ही पत्रे रिक्षात मांडीवर घेऊन बेकरीत पोहोचलो तेव्हा दुपारचे पाव निघून गेले होते आणि संध्याकाळची नानची घाई सुरू व्हायची होती. रमजान होता. हनीफभाई भट्टीच्या तोंडाशी उभे, ओठ सुकलेले. मिरियमबाईंना पाहताच पुढे झाले. त्यांच्या तिन्ही लेकरांना जन्मल्यावर पहिली अंघोळ सिस्टरांनीच घातलेली.

"या सिस्टर, बसा. हात कसा हाय आता? थंड पानी देऊ?"

"नको, हनीफ. माझाही आज रोजा आहे."

हनीफभाई चमकले. "तुमचा रोजा?"

"मग! आम्ही उपासाला रोजाच म्हणतो, आमच्या आज्यांपासून. आज राणीचा रोजा."

"आनि म्याडम तुमी?"

मी ओशाळून म्हटलं, "माझा गुरुवार."

हनीफभाईंनी कपाळावर हात मारला. "लई झ्याक! बनवनारी उपाशी, आननारी उपाशी, भाजनारा उपाशी. मग चव बघनार कोन?"

आम्ही तिघंही मुक्ताकडे वळलो. पत्रा धरून ती दारात उभी होती. परीक्षा म्हणून मीच तिला कुठलाही उपास करू दिला नव्हता.

पहिला पत्रा वीस मिनिटांत निघाला. लांब दांड्याच्या फळीनं हनीफभाईंनी तो बाहेर ओढला तेव्हा अख्खी बेकरी दरवळली. करंज्या वरून सुरेख गुलाबी झालेल्या. कुणाचंही मन मोहावं अशा. एक त्यांनी कागदावर ठेवून मुक्तापुढे धरली. तिनं फुंकर घालून कोपरा तोडला. चावत राहिली. आम्ही तिच्या तोंडाकडे बघतोय हे तिला जाणवत होतं, कान लाल झाले होते. मला वाटलं, ही आता "छान आहे" म्हणणार. तिच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं.

ती म्हणाली, "आतून कच्ची आहे."

हनीफभाईंचा चेहरा उतरला. "न्हाई व्हायची. रंग बघ की. चाळीस वर्सं भट्टीपुढं उभा हाय मी."

मी तिला गप्प करणार होते. खरंच, "मुक्ता" एवढं माझ्या तोंडून निघालंसुद्धा. पण तिनं उरलेली करंजी मधोमध मोडली आणि त्यांच्यापुढे धरली. "इथे बघा काका, कडेला. जिथे पीठ दुहेरी झालंय तिथे. सारण झालंय, पण हे पिठूळ लागतंय." आवाज कापत होता. पण तिनं शब्द मागे घेतला नव्हता.

हनीफभाईंनी तुकडा उजेडात नेऊन पाहिला, बोटांनी कड दाबली. मग म्हणाले, "खरं हाय पोरीचं. पावाची भट्टी तापलेली, वरून लवकर रंग आला." त्यांनी निखारे मागे सारले, पत्रा परत आत ढकलला आणि आतल्या कारागिरांना ओरडून सांगितलं, "ह्या म्याडम सांगतील तवाच भाईर काढायचं!"

पुढचा तासभर माझी मुलगी त्या भट्टीपाशी उभी होती. घामानं निथळत, कपाळावर मैदा. "अजून पाच मिनिटं, काका." "हा पत्रा फिरवा, मागची बाजू जास्त होतेय." एकेक पत्र्यातली एकेक करंजी मोडून ती बघत होती, चाखत होती आणि निर्णय देत होती. चूक झाली तर काय, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हता. मी मैद्याच्या पोत्यावर बसून ते पाहिलं. पंचवीस वर्षं मी मुलांना उत्तरं तपासून देते आहे. स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवून "कच्चं आहे" म्हणायला मी एकालाही शिकवलं नसेल.

मध्येच सांगून टाकते, कारण नात्यातल्या बायका पहिलं तेच विचारतात. तिला गणितात एकसष्ट गुण मिळाले. आता ती नगरला अकरावीला आहे, कला शाखेत, आणि गणित नाही म्हणून सकाळी गाणं म्हणत आवरते. शाळेत काहीजणांनी मला विचारलं, "काय हो मॅडम, तुमच्याच मुलीचं असं कसं?" पहिल्या वेळी मला लागलं. आताशा मी म्हणते, "तिला भाजणं चांगलं येतं," आणि त्यांना ते कळत नाही. मिरियमबाईंचं मनगट पूर्ण वळत नाही, घट्ट झाकणाची बरणी त्या उघडायला माझ्याकडे पाठवतात. करंज्या मात्र तेव्हापासून तळायच्या नाहीत असंच ठरून गेलं आहे.

त्या गुरुवारी सूर्य मावळायला आला तेव्हा आम्ही घरी पोहोचलो. हनीफभाईंना एक डबा तिथेच दिला होता. ते म्हणाले होते, "आज रोजा ह्यानंच सोडतो." गल्लीच्या तोंडाशी होळी रचलेली, पोरं गोवऱ्या आणून टाकत होती. मिरियमबाईंनी आम्हाला बसवून घेतलं. रोजा सोडण्याआधी राणीची पोथी वाचायची असते. पूर्वी त्या त्यासाठी पुण्याला जात. तिथे प्रार्थनागृह आहे, प्रार्थनेला लागतात तेवढी दहा माणसं जमतात. त्या वर्षी हातामुळे जाता आलं नव्हतं. "आज माझी दहा माणसं म्हणजे तुम्ही दोघी," म्हणाल्या. पोथी मराठीतच, पानं पिवळी पडलेली. "एक लक्षात ठेवा. त्या दुष्ट प्रधानाचं नाव आलं की इतका गोंगाट करायचा की ते ऐकूच येता कामा नये."

मुक्तानं पितळेची परात आणि लाटणं घेतलं. मला पळी मिळाली. मिरियमबाई चष्मा लावून संथपणे वाचू लागल्या. पहिल्यांदा ते नाव आलं तेव्हा आम्ही दोघींनी भीतभीतच ठोकलं. दुसऱ्यांदा जरा जोरात. तेवढ्यात बाहेर होळी पेटली आणि पोरांनी तोंडावर हात मारत बोंब ठोकली. मुक्ता उठून उभी राहिली. पुढचं नाव आलं तशी तिनं परात अशी बडवली की कपाटातल्या बरण्या किणकिणल्या, आणि बाहेरच्यांच्या सुरात सूर मिसळून तीही बोंबलली. पुन्हा. पुन्हा. मिरियमबाई वाचायच्या थांबल्या आणि कौतुकानं बघत राहिल्या. नाव संपलं होतं, मुक्ताची बोंब संपत नव्हती. हसता हसता तिला रडू आलं. लाटणं हातातच होतं.

मी उठून तिच्याजवळ गेले. बोलायचं खूप ठरवलं होतं. तोंडून निघालं ते इतकंच, "मी बोलले ते फार वाईट होतं. माझं चुकलं, मुक्ता."

तिनं नाक ओढलं. "त्या दिवशी पाणी पण नाही दिलंस."

"नाही दिलं."

"मला खूप तहान लागली होती."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना भट्टीचा वास येत होता. मिरियमबाईंनी डाव्या हातानं पोथीचं पान उलटलं आणि म्हणाल्या, "बसा आता. अजून राणीला राजाकडे जायचंय."

शुक्रवारी धुळवडीच्या सकाळी बारा ताटं मुक्तानं घरोघर पोहोचवली. मटणाच्या दुकानापुढच्या रांगेतूनही लोक तिला हाक मारत होते, "काय गं, सिस्टरांची पोस्टमन का?" प्रत्येक ताट काहीतरी भरून परत आलं. कुणी पुरणपोळी, कुणी कलिंगडाच्या फोडी, आणि एका आजींनी नुसतीच मूठभर साखर, कारण घरात दुसरं काही नव्हतं. मिरियमबाईंनी त्यातली चिमूट सगळ्यांत आधी तोंडात टाकली.

त्या दुपारी मी शनिवारचा विषय काढला नाही. संध्याकाळी भांडी पुसताना तिनंच काढला. "मी जाते उद्या पेपरला."

"बरं."

"पण तू सोडायला येऊ नकोस. आणि आल्यावर पेपर मागू नकोस."

दहा वर्षं मी तिला प्रत्येक परीक्षेला सोडलं होतं. माझ्या जिभेवर तीन-चार वाक्यं आली. मी ती गिळली. "बरं," म्हटलं.

शनिवारी सकाळी तिनं स्वतःच दही-साखर घेतली, हॉल तिकीट तपासलं, पाण्याची बाटली भरली. मी फाटकाशी उभी राहिले. शेजारच्या फाटकाशी मिरियमबाई होत्या. शनिवार पाळतात म्हणून त्या दिवशी त्या कुठल्याच गाडीत बसत नाहीत, त्यामुळे त्याही फाटकातूनच निरोप देत होत्या. रिक्षा आली. मुक्ता मैत्रिणींमध्ये सरकून बसली आणि बसल्या बसल्याच त्यांना काहीतरी सांगायला लागली, हातवारे करून, बहुतेक बेकरीतलं. रिक्षा वळणावर पोहोचली. मी हात वर केला होता, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही. मी हात खाली घेतला, आणि मला फार बरं वाटलं.